पडदे नसलेला वॉर्ड

आधी एक कबुली देऊन टाकते. सेकंड इयरच्या दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला पीएल चांगली सतरा दिवसांची मिळाली होती आणि त्यातल्या तीन रात्री मी एका कोरियन सिरीयलला वाहिल्या. समोर मॅथ्सचा पेपर आ वासून उभा असताना! टाइमटेबल तयार होतं हो, चार रंगांच्या स्केचपेनांनी रंगवून कपाटाच्या दारावर चिकटवलेलं. पण पीएलमधला निम्मा उत्साह टाइमटेबल बनवण्यातच संपतो, हे होस्टेलवाल्यांना मी काय सांगायचं?

सिरीयलचं इंग्रजी नाव ‘डेली डोस ऑफ सनशाइन’. ३ नोव्हेंबर २०२३ ला नेटफ्लिक्सवर आली. एकूण १२ भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा. म्हणजे आपल्याकडच्या मालिकांच्या मानाने फारच आटोपशीर. आपल्याकडे १२ भागांत सासूबाईंचा एक गैरसमजसुद्धा दूर होत नाही! विंगमधल्या एका सीनियर ताईचा पासवर्ड सगळ्या विंगला तोंडपाठ होता. ती म्हणाली, “बघ, हॉस्पिटलची आहे, छान रडायला येतं.” मला रडायचंच होतं. (मॅथ्समुळे.) म्हणून लावली.

मूळ कोरियन नावाचा अर्थ मात्र वेगळा आहे: ‘मनोरुग्णांच्या वॉर्डातही सकाळ होते’. ली रा-हा नावाच्या एका माजी नर्सने वेबटूनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेच्या रूपात ही गोष्ट आधी सांगितली होती. त्यावरून ही मालिका निघाली. दिग्दर्शक ली जे-ग्यू. नायिका जंग दा-उन ही नर्स आहे, आणि ती साकारलीय पार्क बो-यंगने. दा-उन आधी इंटर्नल मेडिसिनच्या वॉर्डात असते. पण एकेका पेशंटशी बोलत बसते, त्याचं सगळं ऐकून घेते आणि मग उरलेली कामं बाकीच्या नर्सेसवर पडतात. तिची बदली होते मानसोपचार विभागात. तिथली हेड नर्स सोंग ह्यो-शिन वरून कडक, आतून मऊ. अगदी आपल्या रेक्टर मॅडम! (मॅडम, हे कौतुक आहे.)

या वॉर्डातली एक गोष्ट मालिकेत सांगितली जाते ती माझ्या डोक्यातून जात नाही. वॉर्डाच्या खिडक्यांना पडदे नसतात. पेशंटने स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून दोऱ्या, पट्टे, पडदे असं काहीच तिथे ठेवत नाहीत. त्यामुळे ऊन थेट आत येतं, आणि दवाखान्यातल्या इतर वॉर्डांच्या आधी सकाळ या वॉर्डात होते.

मी हे ऐकलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. कानात इयरफोन, मांडीवर लॅपटॉप. माझ्या कॉटपासून हातभर अंतरावर माझी रूममेट भिंतीकडे तोंड करून पडली होती. आणि आमच्या खोलीच्या खिडकीला पडदा होता. तिनेच तीन आठवड्यांपूर्वी जुनी चादर खिळ्यांना अडकवून लावला होता. उजेड नको वाटतो म्हणाली. मी म्हटलं, बरं.

तिचं नाव लिहीत नाही. तिची परवानगी घेतलीय, पण नाव नको म्हणाली. आपण तिला पार्टनर म्हणू.

तर पहिल्या दोन रात्री मी आठ भाग संपवले. त्यात काय काय दिसलं ते थोडं सांगते, कारण या मालिकेचं खरं बळ त्यात आहे. यु-चान नावाचा मुलगा मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आईवडिलांच्या चिकनच्या दुकानात डिलिव्हरी करत असतो. का सोडली? त्याला पॅनिक डिसऑर्डर आहे. डॉक्टर व्याख्या सांगत बसत नाहीत. आपल्याला दिसतं ते असं, की तो ऑफिसात बसलाय आणि खोलीत पाणी भरतंय. गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, नाकापर्यंत. बाकीचे आपले निवांत काम करताहेत. बुडतोय तो एकटाच. एक नोकरी करणारी आई आहे, तिला काही आठवेनासं होतं. स्मृतिभ्रंश असावा असं सगळ्यांना वाटतं, आणि निघतं डिप्रेशन. घर, मूल, ऑफिस सांभाळता सांभाळता ती स्वतःलाच विसरून गेलेली असते. मग आहे सो-वान. सरकारी नोकरीची परीक्षा वर्षानुवर्षं देणारा मुलगा. शेवटी तो कॉम्प्युटर गेममधल्या जगातच राहायला लागतो. त्याच्या दृष्टीने दा-उन त्या जगातली ‘मध्यस्थ’ असते आणि तो तिला तशीच हाक मारतो.

सो-वानशी माझी लगेच ओळख पटली. सोलमध्ये नोर्यांगजिन म्हणून भाग आहे. तिथे अशा परीक्षांचे क्लासेस आहेत आणि मुलं जेमतेम कॉट आणि टेबल मावेल एवढ्या खोल्यांत राहून अभ्यास करतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससीच्या मुलांमध्ये ज्याचा भाऊ किंवा मित्र राहतो, त्याला नोर्यांगजिन वेगळं समजावून सांगायला नको. माझा मावसभाऊ चार वर्षं तिथे होता. दिवाळीत घरी आला की लोक त्याला “काय, यंदा तरी?” असं विचारायचे आणि तो फराळाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा.

तिसऱ्या रात्री मात्र मालिकेने मला पकडलं. (ज्यांना बघायचीय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.) सो-वान बरा होतो, त्याला डिस्चार्ज मिळतो आणि त्यानंतर तो आत्महत्या करतो. दा-उन म्हणते, मी ठीक आहे. कामाला लागते, हसते, सगळ्यांना सांभाळून घेते. मग हळूहळू ती बिछान्यातून उठेनाशी होते आणि शेवटी तिला दुसऱ्या एका दवाखान्याच्या बंद वॉर्डात दाखल करावं लागतं. जी इतरांना गोळ्या द्यायची, तिला आता कोणीतरी गोळ्या देतंय. तिला ते मान्यच होत नाही. मी यांच्यातली नाही, असंच ती म्हणत राहते. पेशंटवर एवढी माया करणारी ही मुलगी, पण स्वतः पेशंट व्हायची तिला लाज वाटते. म्हणजे माया करत असतानाही तिच्या मनात ‘ते’ आणि ‘मी’ अशी एक भिंत होतीच.

मी इथे ढसाढसा रडले. नाक ओढायला व्हिडिओ थांबवला आणि इयरफोन काढला, तर खोलीत आवाज आला. पार्टनरच्या श्वासाचा. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. दोन वर्षं ज्या मुलीच्या घोरण्यावरून मी विनोद केले, तिचा झोपेतला श्वास मला माहीत होता. ती जागी होती. गेल्या किती रात्री जागी होती कोण जाणे.

आता जे लिहायचंय ते जरा अवघड आहे. त्याच्या दोन आठवडे आधी, सबमिशनच्या धामधुमीत, ती सलग चार दिवस कॉलेजला आली नव्हती. जर्नल अपूर्ण, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. मी तिला म्हणाले होते, “नाटकं पुरे झाली हं आता. आम्हाला पण कंटाळा येतो.” ती काही बोलली नाही. एका कोरियन नर्ससाठी मी तीन रात्री अश्रू ढाळले, आणि हातभर अंतरावरच्या मुलीला मी नाटकी म्हणाले होते.

मी लॅपटॉप बंद केला आणि तिच्या कॉटवर जाऊन बसले.

“झोपली नाहीस?”

“नाही.”

“काय होतंय?”

“काहीच होत नाहीये.”

मला वाटलं, टाळतेय. पण टाळत नव्हती, हे मला फार नंतर कळलं. मग मी विचारलं. हा प्रश्न विचारायला हवा असं मालिका बघताना डोक्यात बसलं होतं, पण प्रत्यक्ष विचारताना माझे हात गार पडले. “जगावंसं वाटत नाही, असं काही होतं का गं?” बराच वेळ गेला. पंख्याचा तेवढा आवाज. मग ती म्हणाली, “कधी कधी.” असं विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार येईल, अशी आपल्याला भीती असते. जाणकार उलट सांगतात. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही, माणसाला बोलायला वाट मिळते. तसंच झालं. ती रडली नाही, पण पहाटे चारपर्यंत तुटक तुटक बोलत राहिली. मी झोपले नाही. सकाळी तिच्या घरी फोन करायचा ठरवला. ती नको म्हणाली नाही.

आणि इथे माझी फजिती झाली.

मी कॉन्व्हेंटमधली. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी एक विषय होता, तोही मार्क कमी करणारा. डिप्रेशन, अँक्झायटी, ट्रॉमा हे शब्द मी इन्स्टाग्रामवर दिवसातून दहा वेळा वाचते. पण पार्टनरची आई परभणी जिल्ह्यातल्या एका गावात राहते. सातवी शिकलेली. तिला मी काय सांगू?

“काकू, हिला बरं नाहीये.”

“ताप आलाय का?”

“नाही.”

“मग पोट? पाळीचं काही?”

“नाही काकू. डिप्रेशन...”

“प्रेशर? अगं बाई, एवढ्या लहान वयात बीपी?”

मला हसू पण येईना आणि रडू पण. मराठी शब्द आठवायला गेले. नैराश्य? हा पेपरातल्या बातमीतला शब्द. त्याच्यापुढे नेहमी ‘...तून’ आणि मग ती वाईट बातमी. मग राहिले बोलण्यातले शब्द. वेड लागणं, डोक्यावर परिणाम होणं, येरवड्याला पाठवणं, ठाण्याला भरती करणं. कॅन्टीनमध्ये आपण एकमेकांना दिवसभर “तू येरवड्याची पेशंट आहेस” म्हणतो. मी पण म्हणते. त्या क्षणी तोंडात एवढेच शब्द होते आणि त्यातला एकही त्या माउलीसमोर ठेवण्यासारखा नव्हता.

शेवटी मला यु-चानच्या ऑफिसमधलं पाणी आठवलं. आजाराचं नाव न सांगता जे दिसतंय ते सांगायचं. मी म्हटलं, “काकू, ती तीन आठवडे झोपत नाही. डब्यातलं तसंच ठेवते. खिडकीला चादर लावलीय. हसत नाही. आंघोळीला जा म्हटलं तर बसून राहते. वेणी घालत नाही.”

वेणी म्हटल्यावर पलीकडे एकदम शांत झालं. पार्टनरचे केस कमरेपर्यंत आहेत. अख्ख्या होस्टेलला ठाऊक आहेत. काकू म्हणाल्या, “मी निघते. दुपारची गाडी मिळंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. नियमाप्रमाणे पालकांना खोलीत मुक्काम करता येत नाही. रेक्टर मॅडमनी नियमाबद्दल एक शब्द काढला नाही, उलट गादी पाठवली. काकूंनी धपाटे आणले होते आणि तेलाची बाटली. मागच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी लेकीच्या केसातला गुंता सोडवला. तासभर लागला. त्यानंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पोरी, डॉक्टरला दाखवू. पण गावात कळलं तर हिच्या लग्नाचं कसं व्हायचं?”

मला राग आला असता, पण मालिका बघून झाल्यावर मी कोरियाबद्दल थोडं वाचलं होतं. तिथेही हेच आहे. तिथल्या आजारांच्या यादीत मानसिक आजारांचे कोड ‘एफ’ अक्षराने सुरू होतात. आपल्या कागदांवर ‘एफ कोड’ लागला तर विमा मिळणार नाही, नोकरी मिळणार नाही, या धास्तीने तिथले कितीतरी लोक डॉक्टरकडे जातच नाहीत. आत्महत्यांचं प्रमाण ओईसीडी देशांत सगळ्यात जास्त असलेल्या देशाची ही कथा. मनोरुग्णालयाला तिथे थट्टेत ‘टेकडीवरचं पांढरं घर’ म्हणतात. म्हणजे त्यांचंही एक येरवडा आहेच. त्यांना एफ कोड, आपल्याला स्थळ. भीती सारखीच.

पण त्या लोकांनी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. स्किझोफ्रेनियाला कोरियन भाषेत जो जुना शब्द होता, त्याचा अर्थ मन दुभंगण्याचा आजार. आपल्या पुस्तकी मराठीतला ‘छिन्नमनस्कता’ त्याच जातीचा. नुसत्या शब्दानेच माणूस घाबरतो. २०११ मध्ये कोरियाने तो शब्द बदलला. नवा शब्द आहे ‘जोह्यनब्यंग’, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे वाद्याच्या तारा जुळवणे. तार उतरली, जुळवायला हवी, बस्स! आपल्या घरात तंबोरा बेसूर झाला तर कोणी तो फेकून देत नाही, की त्याच्याशी बोलणं टाकत नाही. खुंटी पिळून लावतात. परत उतरला, परत लावतात. डिप्रेशनला तिकडे ‘मनाची सर्दी’ असंही म्हणतात. तो मात्र मला तितका पटला नाही. सर्दी आपोआप जाते. पार्टनरची आपोआप गेली नसती.

तिला डॉक्टरांकडे नेलं. औषधं सुरू झाली. दोन गोळ्यांत बरी झाली असं काही झालं नाही. कित्येक आठवडे गेले, एकदा औषध बदलावं लागलं. परीक्षा बुडाली, वर्ष गेलं. गावात काकूंनी टायफॉइड सांगितलाय. पुढच्या वर्षी ती परत आली, आता आम्ही थर्ड इयरला आणि ती परत सेकंड इयरला.

मालिकेत दा-उन कामावर परतते, तेव्हा पेशंटचे नातेवाईक विरोध करतात. जी स्वतः वॉर्डात होती, ती आमच्या माणसांची काळजी काय घेणार? हेड नर्स आणि बाकीचे सहकारी तिच्या बाजूने उभे राहतात. आमच्या मेसमध्ये विरोध वगैरे कोणी केला नाही. आपण सुशिक्षित ना! फक्त ती ताट घेऊन आली की टेबलावरचा आवाज कमी व्हायचा. कोणीतरी फारच गोड बोलायचं. कोणी तिच्यासमोर ‘वेडी’ म्हणून जीभ चावायचं. हे वाचणाऱ्यांपैकी काही जणी त्या टेबलावर होत्या. मी पण होते.

सुट्टीत मी पार्टनरला ती मालिका दाखवली. मला वाटलं भारावून जाईल. बारा भाग बघून ती म्हणाली, “छान आहे. पण सगळे फार सुंदर आहेत. आणि नर्सेसना इतका वेळ कुठून मिळतो?” मग जरा थांबून म्हणाली, “आणि माझ्याकडे पाणीबिणी काही आलं नव्हतं. माझ्याकडे काहीच येत नव्हतं. तू विचारलंस ना, काय होतंय? मी खरंच सांगितलं होतं. काहीच होत नव्हतं.”

एक गोष्ट मात्र तिने मालिकेतून उचलली. दा-उन स्वतःचं कौतुक लिहायची वही ठेवते, रोज एखादी लहानशी चांगली गोष्ट. आमच्या कपाटाच्या दारावर माझं ते चार रंगांचं टाइमटेबल अजून होतंच. पार्टनर त्याच्या कडेच्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने लिहायला लागली. ‘आज दात घासले.’ ‘नाश्त्याला गेले, पोहे गार होते तरी खाल्ले.’ ‘जर्नल पूर्ण नाही. पण उघडलं.’ सुरुवातीला मला हे बालिश वाटलं. मग मॅथ्सच्या निकालाच्या दिवशी मीही खाली लिहिलं, ‘केटी लागली. जेवले.’

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याला आजारांची इंग्रजी नावं भरपूर पाठ आहेत, आणि थट्टेचे मराठी शब्द त्याहून जास्त. या दोन्हींच्या मधलं साधं बोलणं मात्र येत नाही. झोपतेस का? जेवलीस का? वेणी का नाही घातलीस? त्याला शब्दकोश लागत नाही. बघावं लागतं, तेवढंच. डॉक्टरांचं काम डॉक्टर करतील, पण तिथपर्यंत माणूस पोचायला आधी कोणीतरी बघितलेलं असावं लागतं. आणि रात्री-अपरात्री कोणीच सुचलं नाही, तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आम्ही तो कपाटाच्या दारावर लिहून ठेवलाय, पोह्यांच्या शेजारी.

खिडकीवरची चादर पार्टनरने परत आल्यावर स्वतःच काढली. आता सहा वाजता ऊन थेट माझ्या तोंडावर येतं. मी शिव्या घालते आणि ती मला उठवते.

मालिका जरूर बघा. पीएलमध्ये बघू नका, हा अनुभवाचा सल्ला. आणि इयरफोन घालण्याआधी शेजारच्या कॉटवर कोण जागं आहे, ते एकदा बघा.